टाकी भरलेली, काटा शून्यावर: जुन्या गाडीचा अर्थ लावताना

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दोन दिवस आधी आत्याला माहेरी आणायला जळगावहून धुळ्याला निघालो होतो. गाडी वडिलांची अँबॅसिडर, १९८६ ची. चुलत बहिणीच्या लग्नासाठी नुकताच तिला आतून-बाहेरून नवा रंग दिलेला. एरंडोलच्या पुढं लक्ष गेलं तर पेट्रोलचा काटा पार तळाला. पंपावर हजाराचं पेट्रोल टाकलं, चावी फिरवली, काटा तसूभर हलला नाही. पुन्हा हजाराचं टाकलं. तरी नाही.

मग व्हायचं तेच झालं. मापात मारलं म्हणून मी आवाज चढवला. पंपावरच्या पोरानं शांतपणे आतून पाच लिटरचं शिक्क्याचं माप आणलं आणि माझ्यासमोर भरून दाखवलं. (हे माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाईक ते मागू शकतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) माप रेघेवर बरोबर. मागं उभा असलेला ट्रकवाला म्हणाला, हे नव्या पेट्रोलचं झेंगट आहे, इथेनॉलनं मीटर खाल्लं असणार. मलाही ते पटलं. धुळ्यात आग्रा रोडवरच्या एका वायरमनकडं गाडी लावली तेव्हा त्यानं डिकी उघडली, एक वायरचा तुकडा दोन ठिकाणी टेकवला आणि मला काटा बघायला सांगितलं. काटा सावकाश वर चढत गेला आणि एफच्या जवळ जाऊन थांबला. तो म्हणाला, “भाऊ, काटा खोटा नही. अर्थ खोटा शे.”

हे वाक्य नीट कळलं की जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरची निम्मी कोडी सुटतात. अँबॅसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण खानदेशात कोठारात, गोठ्याशेजारी, वाड्याच्या ढेलजेत ताडपत्रीखाली अजून कितीतरी फियाट, अँबॅसिडर आणि महिंद्राच्या जीप उभ्या आहेत. आता हौसेनं त्या बाहेर निघताहेत, आणि बाहेर निघालेल्या बहुतेक गाडीचं एखादं तरी मीटर बंद असतं.

काट्यामागं असतं काय?

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत फुगा असतो. पाणी वाढलं की फुगा वर येतो आणि नळ बंद करतो. पेट्रोलच्या टाकीतही असाच फुगा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. फरक इतकाच की त्याची दांडी नळ फिरवत नाही, तर बारीक तारेच्या वेटोळ्यावरून एक पत्ती सरकवते. पत्ती जिथं टेकेल त्यावर विजेला किती तार ओलांडून जावं लागेल हे ठरतं. तार जास्त तर अडथळा जास्त. या अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. फ्लोट, दांडी, वेटोळं हे सगळं मिळून जे टाकीवर बसतं त्याला पुढं नुसतं ‘युनिट’ म्हणू.

डॅशबोर्डवरच्या मीटरला पेट्रोल दिसत नाही. त्याला कळतं एवढंच, की आपल्यातून किती करंट वाहतोय. ब्रिटिश वळणाच्या बऱ्याच मीटरांत टाकी भरलेली असेल तर युनिटचा रोध साधारण २० ओहम असतो, अर्धी असेल तर ७० च्या आसपास, आणि रिकामी असेल तर २४०. रोध कमी, करंट जास्त, काटा वर.

आता या वाटेत कुठंतरी गंज बसला आणि त्यानं स्वतःचा ५० ओहमचा अडथळा घातला असं धरा. टाकी काठोकाठ भरलेली, युनिट म्हणतंय २०, पण मीटरपर्यंत पोचतात ७०. काटा अर्ध्यावर. आणि वाट पूर्णच तुटली तर टाकी कितीही भरा, काटा तळाला. माझं एरंडोलला तेच झालं होतं.

पांझरेचा फड आणि बॅटरी

वीज समजवायला पाण्याचं उदाहरण सगळेच देतात, पण आपल्याकडं ते जास्त चपखल बसतं, कारण पांझरेच्या काठची फड पद्धत आपल्या माणसांना ठाऊक आहे. बंधाऱ्यात पाणी अडवायचं, पाटानं न्यायचं, चाऱ्यांनी शेतात वाटायचं, आणि उरलेलं पाणी सांडव्यावाटे परत नदीला. सांडवा तुंबला तर पाटाचं गणितही बिघडतं.

गाडीत बंधारा म्हणजे बॅटरी. तिथून करंट चावीच्या स्विचमधून फ्यूजला जातो, तिथून मीटरला, मीटरमधून एका लांब वायरनं मागं टाकीवरच्या युनिटला. इथपर्यंत वायर दिसते, म्हणून सगळे तिथपर्यंतच शोधतात. पण करंटला बॅटरीत परत यायचंच असतं, नाहीतर तो निघतच नाही. (इथं फडाचं उदाहरण थोडं लंगडं पडतं. नदीचं पाणी उलटं बंधाऱ्यात येत नाही, करंटला मात्र यावं लागतं.) या परतीसाठी गाडी बनवणाऱ्यानं वेगळी वायर टाकलेली नसते. युनिटचा पत्रा टाकीला टेकतो, टाकी बॉडीला, बॉडी पुढं बॅटरीच्या जाड पट्टीला. अख्खी लोखंडी बॉडी हीच परतीची वायर. मेकॅनिक हिलाच अर्थ म्हणतात, इंग्रजीतला ‘अर्थ’ (earth).

वायर दिसते, तिला रंग असतो, ती तुटली तर कळते. अर्थ दिसत नाही. म्हणून मीटर बदलतात, युनिट बदलतात, वायरही नवी ओढतात, आणि चार आण्याचा गंजलेला नट तसाच राहतो.

घरात अर्थिंग नसली तरी पंखा फिरतो, मग गाडीत काय अडतं?

हा प्रश्न मला शेतातल्या मोटारीचं स्टार्टर स्वतः दुरुस्त करणाऱ्या एका शहाण्या माणसानं विचारला होता, आणि रास्तच आहे. शब्द एक, काम वेगळं. घरात करंट फेजनं येतो आणि न्यूट्रलनं परत जातो. अर्थिंग ही संकटकाळची वाट असते, एरवी तिच्यातून काही वाहत नाही. गाडीत मेकॅनिक ज्याला अर्थ म्हणतो ती घरातल्या न्यूट्रलचं काम करते. घरचा न्यूट्रल तुटला तर पंखा फिरेल का?

नव्या रंगानं घात केला

जुन्या गाडीची अर्थ जाण्याची कारणं आपल्या भागात मुबलक. जळगाव-भुसावळचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढं जातो. पत्र्याखाली उभ्या गाडीत वायरचं आवरण कडक होतं आणि बोटानं वाकवलं तरी तडकतं. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडं, गाडी गोदामात उभी असेल तर उंदीर वायर खातात. खताच्या गोण्यांशेजारी ठेवलेल्या गाडीचे नटबोल्ट तर दोन पावसाळ्यांत पांढरे-हिरवे होतात.

पण सगळ्यात फसवं कारण म्हणजे नवा रंग. आमच्या गाडीचा रंगारी मन लावून काम करणारा होता. त्यानं टाकी खाली उतरवली, घासली, रंगवली, तिच्या पट्ट्या रंगवल्या, बोल्टसुद्धा रंगवले. रंगातून करंट जात नाही. पूर्वी गंजलेला का होईना, पण लोखंड लोखंडाला टेकत होतं. आता सुंदर चकचकीत थरानं टाकी बॉडीपासून तोडली. म्हणून लग्नाच्या वरातीत मिरवलेली गाडी महिन्यानं एरंडोलला हट्टाला पेटली. गाडीला पूर्ण रंग द्यायचा असेल तर रंगाऱ्याला आधी सांगा, अर्थच्या जागांना चिकटपट्टी लाव. मी सांगितलं नव्हतं.

स्वतः तपासायचं कसं

लागणारं सामान थोडं: दोन टोकांना चिमटे लावलेली दोन हात लांब वायर, बारा व्होल्टच्या बल्बचा टेस्ट लॅम्प, आणि जमलं तर साधा मल्टिमीटर.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. युनिट पेट्रोलच्या टाकीवर बसलेलं आहे, तिथं वाफ असते, आणि चालू करंटमध्ये वायर टेकवली की ठिणगी उडते. म्हणून प्रत्येक जोडणी चावी बंद असताना करायची आणि मग पुढं जाऊन चावी सुरू करायची. डिकी उघडी, गाडी मोकळ्या हवेत, बिडी-सिगारेटवाला लांब. वायरमन हे पाळतोच असं नाही. आपण पाळावं.

टाकी कुठं आहे तेही गाडीगणिक वेगळं. अँबॅसिडर आणि फियाटची मागं. महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपची तर ड्रायव्हरच्या सीटखाली, म्हणजे तिथं सीट उचलली की काम समोर.

मी आता सगळ्यात आधी अर्थच तपासतो, कारण ते सोपं आहे आणि बहुतेकदा तिथंच सापडतं. चिमट्याच्या वायरचं एक टोक युनिटच्या पत्र्याला, दुसरं बॉडीवर जिथं स्वच्छ उघडं लोखंड दिसेल तिथं. चावी सुरू. काटा खरं बोलू लागला तर निदान झालं. धुळ्याच्या वायरमननं एवढंच केलं होतं.

तसं झालं नाही तर चावी बंद करून मीटरकडून आलेली वायर युनिटवरून सोडवा आणि कशाला टेकणार नाही अशी ठेवा. चावी सुरू करून काटा कुठं जातो बघा. पुन्हा चावी बंद, ती वायर चिमट्यानं बॉडीला जोडा, चावी सुरू. काटा एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला म्हणजे मीटर चांगलं, फ्यूज चांगला, लांब वायरही चांगली. दोष मागं, युनिटमध्ये. काटा टोकाला पोचला की लगेच चावी बंद करा, तसंच ठेवून चहाला जाऊ नका.

कुठलं टोक, हे मात्र पाठ करू नका. वर सांगितलेल्या मीटरांत वायर बॉडीला टेकवली की काटा एफकडं जातो. साठच्या दशकाच्या आधीच्या काही मीटरांत नेमकं उलटं, टेकवली की ई. आपल्याला पाहायचंय ते काटा दोन्ही टोकं गाठतो की नाही.

काटा हललाच नाही तर मीटरच्या मागं जायचं. मीटर बाहेर ओढण्याआधी बॅटरीची पट्टी काढा. डॅशबोर्डमागं उघडी वायर पत्र्याला टेकली तर मीटरच्या दुरुस्तीऐवजी अख्ख्या वायरिंगचा खर्च लागतो. युनिटची वायर मीटरच्या ज्या खिळ्यावर येते तिथंच वरची परीक्षा पुन्हा करा. तिथं काटा हलतो आणि मागून हलत नाही, म्हणजे मधली वायर तुटलेली. तिथंही हलत नाही, मग मीटरला करंट येतोय का ते टेस्ट लॅम्पनं बघा. ब्रिटिश पद्धतीत चावीनंतर फ्यूजमधून आलेली वायर हिरवी आणि युनिटची हिरवी-काळी असते. पण चाळीस वर्षांत चार वायरमनांचे हात लागलेल्या गाडीत रंगावर विश्वास ठेवू नये. आमच्या गाडीत ती वायर टेलिफोनच्या तारेची निघाली.

दोष युनिटमध्ये निघाला तर ते बाहेर काढून मल्टिमीटर ओहमवर लावा आणि दांडी हातानं सावकाश वरखाली करा. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच उडाला तर तिथं तार झिजलीय. पितळी फ्लोट कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे आणि तो बुडतोय, वायरिंगचा काही संबंध नाही.

आणि एक लक्षण असं, की ते दिसलं तर वरचं काहीच करायची गरज नाही. इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच तालावर नाचतो? हेडलाइट लावले की खाली बसतो? मग अर्थच. मागच्या दिव्यांचा आणि युनिटचा परतीचा रस्ता एकच असतो. तो अरुंद झाला की एकाच चारीत दोघांचं पाणी घुसल्यासारखं होतं, शेजाऱ्यानं दार उघडलं की आपली पातळी हलते. मल्टिमीटर असेल तर तो व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या अर्थ लावलेल्या टोकाला, दुसरं युनिटच्या पत्र्याला लावा आणि दिवे, इंडिकेटर सुरू करा. आकडा शून्याच्या आसपास हवा. एक-दोन दशांश चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर रस्ता खराब.

दुरुस्ती अगदीच किरकोळ. पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासायचं, युनिटच्या स्क्रूपासून चासीपर्यंत एक वेगळी काळी वायर टाकायची, टोकांना गोल लग, दातेरी वायसर घालून नट आवळायचा आणि वरून व्हॅसलिन फासायचं. व्हॅसलिन वरून, आधी नाही.

दोन्ही काटे एकदम चढले तर?

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना टेंपरेचरचा काटा लालकडं सरकला तर पोटात गोळा येतो. थांबावंच, पण थांबल्यावर पेट्रोलच्या काट्याकडंही एक नजर टाकावी. तोही नेहमीपेक्षा वर असेल तर इंजिन बहुधा निर्दोष आहे. घाटात पेट्रोल वाढत नाही.

दोन्ही मीटरांना मिळून एक छोटी डबी असते, स्टॅबिलायझर. बॅटरीचा दाब स्थिर नसतो. गाडी उभी असताना बारा-साडेबारा, चालताना चौदा व्होल्ट. काटा त्यावर हलू नये म्हणून ही डबी सरासरी दहा व्होल्ट पुढं सोडते. ती इस्त्रीसारखी चालते. इस्त्री तापली की आतली दोन धातूंची पट्टी वाकते, लाल दिवा जातो, थंड झाली की पुन्हा लागतो. डबीतही तशीच पट्टी चालू-बंद, चालू-बंद करत राहते. या पद्धतीच्या मीटरातही तसलीच पट्टी असते, म्हणून त्याचा काटा सावकाश चढतो. चावी लावल्या लावल्या टुणकन उडणारा काटा दुसऱ्या जातीचा, त्याला ही डबी लागत नाही.

डबीलाही अर्थ लागते, तिच्या पत्र्यातून. ती सुटली की पट्टी तापत नाही, चालू-बंद थांबतं आणि पूर्ण बॅटरीचा दाब दोन्ही मीटरांत घुसतो. डबीच्या पुढच्या बाजूला टेस्ट लॅम्प लावून बघा. मिचकावला तर ठीक. एकसारखा जळत राहिला तर डबी किंवा तिची अर्थ गेली. हेच तपासताना मीटरला थेट बॅटरीतून करंट देऊन बघण्याचा मोह होतो. देऊ नका, आतली पट्टी जळते.

टेंपरेचरचं युनिट इंजिनवर आट्यांनी बसतं आणि त्या आट्यांतूनच त्याला अर्थ मिळते. गळती नको म्हणून हौशी माणसं आट्यांवर पांढरी प्लंबरची टेप गुंडाळतात. गळती थांबते, कधीकधी मीटरही थांबतं. ऑइलच्या दिव्याच्या स्विचचंही तेच, आणि तिथं धोका मोठा: अर्थ नसेल तर ऑइलचा दाब गेला तरी दिवा लागणारच नाही.

“हे सगळं ठीक, पण इथेनॉलचं काय?”

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून देशभर वाद पेटला, तेव्हापासून गाडीचं काहीही बिघडलं की बोट तिकडं जातं. त्यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नाही, आणि सहा-सहा महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ओल साचली तर युनिटच्या बारीक तारेला ती चांगली नव्हे. पण ही हळूहळू होणारी झीज आहे. तिनं काटा अडखळेल, एखाद्या जागी उडी मारेल. काल चालणारा काटा आज तळाला जाऊन तिथंच बसला, तर आधी वायर आणि अर्थ.

नवंच मीटर बसवलं तर?

दुकानात चकचकीत मीटर मिळतात. पण मीटर आणि युनिट ही जोडी असते. ब्रिटिश जोडी साधारण २४० ते २० ओहमची, अमेरिकन गाड्यांत ० ते ९० ची एक जोडी, युरोपातली एक १० ते १८० ची, आणि त्यातल्या काही उलट्या. एकाचं मीटर दुसऱ्याच्या युनिटला लावलं तर वायरिंग निर्दोष असूनही काटा आयुष्यभर चुकीचं सांगेल. शिवाय गाडी पन्नास वर्षांची होत आली असेल तर जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांकडं बघा. पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळ्या मालिकेत नोंदवता येते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. तिथं मूळपणाला किंमत आहे. जुनं मीटर काढलंच तर निदान फेकू नका.

अँमीटरशी मात्र खेळ नको

पेट्रोलच्या मीटरमधून अगदी थोडा करंट जातो. अँमीटर म्हणजे बॅटरीत किती करंट येतोय-जातोय ते दाखवणारं मीटर, त्यातून स्टार्टर सोडून जवळजवळ सगळ्या गाडीचा करंट जातो. त्याचा एक नट सैल असला तरी तो तापतो, आणि डॅशबोर्डमागं आग लागते ती अशीच. काटा चार्जिंगच्या वेळी उलटा दाखवत असेल तर फक्त वायरींची अदलाबदल झालीय, घाबरू नका. पण गाडीला मोठा हॉर्न, जादा दिवे, नवा दमदार अल्टरनेटर बसवलाय आणि अँमीटर मात्र मूळचा तीस अँपिअरचा, तर तो चांगल्या वायरमनला दाखवा. अँमीटर बॅटरीच्या दोन टोकांना थेट लावून तपासायचा नसतो, व्होल्टमीटर तसा लावतात.

वायरमनकडं जाताना “मीटर बंद आहे” एवढंच सांगू नका. काटा कुठल्या टोकाला अडकलाय, इंडिकेटरबरोबर हलतो का, एकच गेलाय की दोन, आणि गाडीला अलीकडं रंग दिलाय का, एवढं सांगितलं की त्याचा तास वाचतो. माझ्या वायरमननं तर डिकी उघडून आधी टाकीच्या बोल्टवरचा रंग नखानं खरवडला होता.

परतीच्या वाटेवर आत्या पुढच्या सीटवर बसली आणि पारोळ्यापर्यंत काट्यावरच लक्ष ठेवून होती. “भरलीय म्हणतोस, मग पूर्ण एफला का जात नाही?” खरंय तिचं. टाकी काठोकाठ भरली तरी आमचा काटा एफच्या जरा अलीकडंच थांबतो. फ्लोटची दांडी कुणीतरी कधीतरी वाकवलेली असावी. टाकी रिकामी होईल तेव्हा युनिट काढून बघायचंय.